स्वयंपाकघरात चोरून दिलेलं औषध

सांगलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नाव, पेठ आणि ओळख पटेल असं बाकी सगळं काढून ते थोडक्यात देते.

घर एकत्र. सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर आणि सहा वर्षांची मुलगी. मुलीचं वजन १८ किलो. गेल्या महिन्यात ती शाळेतून कणकण घेऊनच घरी आली. नाक वाहत होतं, घसा दुखत होता, संध्याकाळी ताप १०२.४ फॅरनहाइट. डॉक्टरांनी तपासून "व्हायरल आहे" म्हणून सांगितलं आणि पॅरासिटामॉलचं सिरप दिलं. ५ मिलीत २५० मिलीग्रॅम असलेलं, ताप असेल आणि मुलीला त्रास होत असेल तर सहा-सहा तासांनी ५ मिली.

घरी आल्यावर दिरानं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. ताप शत्रू नाही, तापानं विषाणू जळतात, औषध देऊन ताप दाबला की आजार लांबतो आणि प्रतिकारशक्ती कमी होते, असा त्याचा मथितार्थ. नवऱ्याला पटलं. सासूबाई दुसऱ्या टोकाला. "पोरगी तापानं फणफणलीया आन् तुमी मोबाईल बघत बसलायसा व्हय? ताप मेंदूत गेला म्हंजे? चला, सुई तरी मारून आणू." वादावादीनंतर औषध द्यायचं नाही असं ठरलं. रात्री दीडच्या सुमाराला मुलगी कण्हायला लागली. पाणी पाजायच्या निमित्तानं ताईंनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात ५ मिली मोजून पाजलं. तासाभरानं घाम आला, मुलगी शांत झोपली. सकाळी दीर म्हणाला, "बघा वहिनी, औषधाशिवाय उतरला की नाही?" ताई गप्प राहिल्या. पुढं तीन दिवस ताप येत-जात होता, त्यात आणखी दोनदा त्यांनी असंच गुपचूप दिलं. पाचव्या दिवशी मुलगी शाळेत गेली. त्याच आठवड्यात सासऱ्यांना ताप आला. वय ७२, मधुमेह आहे, हृदयाची औषधं चालू आहेत. तेव्हाही घरात तीच चर्चा.

ताई विचारतात, "मी औषध दिलं म्हणून आजार लांबला का? माझ्यामुळे तिची प्रतिकारशक्ती कमी झाली का? पुढच्या वेळी कुणाचं ऐकू?" आणि पत्राच्या शेवटी सहज टाकलेलं एक वाक्य आहे: "गंमत म्हणजे मी तीनदाच दिलं, तरी ६० मिलीची नवी बाटली निम्म्याच्या खाली गेली होती. सांडलं असेल कदाचित."

ताई,

आधी उत्तर देते, बोलणं मागाहून. नाही, तुम्ही दिलेल्या औषधानं आजार लांबला नाही. सर्दी-घशाचा असा ताप लहान मुलांत तीन-चार दिवस राहतोच, औषध द्या किंवा देऊ नका. तुमच्या मुलीनं तिचे तेवढे दिवस घेतले आणि उठली. तीन चमच्यांनी प्रतिकारशक्ती कमी होत नाही. डोसही चोख होता. पॅरासिटामॉलचा हिशोब किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, म्हणजे १८ किलोला १८० ते २७०. तुम्ही २५० दिलंत, तेही फ्रिजच्या उजेडात मोजून. माझ्या दवाखान्यात भर दिवसा, चष्मा लावून चुकीचं माप घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

बाटलीचं मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्याकडे शेवटी येते.

तुमच्या दिरांना आपण उडवून लावायला नको, कारण त्यांचं निम्मं म्हणणं खरं आहे. ताप हा शरीराचा बिघाड नाही, ते शरीरानं स्वतः चढवलेलं तापमान आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. गीझरला काटा असतो तसं त्याचं काम. एरवी काटा ३७ अंश सेल्सियसच्या आसपास लावलेला. विषाणू शिरला की पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यांचा निरोप मेंदूपाशी पोचतो, तिथं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि काटा वर सरकतो, समजा ३९ वर. शरीर अजून ३७ वरच असतं, म्हणून त्याला वाटतं आपल्याला थंडी वाजतेय. हुडहुडी भरते, दात वाजतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतात. तुम्ही मुलीचं अंग चाचपलं असेल तर आठवा, पोट तव्यासारखं आणि पावलं गारढोण. ताप चढायला लागल्याची ती खूण. आणि काटा खाली आला की शरीराला अचानक उकडायला लागतं, घाम सुटतो. "घाम आला म्हणून ताप उतरला" असं आपण म्हणतो, पण क्रम उलटा आहे. ताप उतरायचं आधी ठरलं, घाम नंतर आला. पॅरासिटामॉल एवढंच करतं, प्रोस्टाग्लँडिन कमी करून काटा खाली आणतं. विषाणूला ते हातही लावत नाही.

आता एवढी उठाठेव शरीर उगीच करेल का? नाहीच. फ्रान्सचे आंद्रे ल्वॉफ, ज्यांना पुढं १९६५ साली नोबेल मिळालं, त्यांनी पोलिओचा विषाणू वेगवेगळ्या तापमानांत वाढवून पाहिला होता. तापमान दोन-तीन अंश वर नेलं की त्याची वाढ मंदावते. साध्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस तर ३३ ते ३५ अंशांत सुखानं नांदतात, म्हणून त्यांचं बिऱ्हाड नाकात. नाक आतल्या शरीरापेक्षा थंड असतं ना. थोड्या वाढीव तापमानात पांढऱ्या पेशीही जास्त चपळाईनं कामाला लागतात. १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर एक प्रयोग केला. इग्वाना म्हणजे घोरपडीच्या लांबच्या नात्यातला प्राणी. त्याला स्वतःचं अंग आतून तापवता येत नाही, आजारी पडला की तो ऊन शोधतो. संशोधकांनी त्यांना जंतू टोचले आणि वेगवेगळ्या तापमानात ठेवलं. थंड ठिकाणी ठेवलेले पटापट मेले, ४२ अंशांत ठेवलेले बहुतेक जगले. तापाच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण हा प्रयोग सांगतो. पण त्यांना टोचले होते ते जिवाणू होते, विषाणू नव्हेत. हे सांगायला मात्र सगळे विसरतात. दिरांना एवढं जरूर सांगा.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. व्हिएन्नातल्या युलिउस वाग्नर-याउरेग यांनी मेंदूत पसरलेल्या सिफिलिसच्या रोग्यांना मुद्दाम मलेरिया दिला, त्या तापानं पहिला रोग हटावा म्हणून. काहींना खरंच गुण आला, काही मलेरियानं दगावले, आणि वाग्नर-याउरेगना १९२७ साली नोबेल मिळालं. पेनिसिलिन आल्यावर तो उपचार मागं पडला. सांगायचं कारण एवढंच की ताप उपयोगी असू शकतो हा शोध व्हिडिओवाल्या दादांचा नाही. शंभर वर्षं लोक त्यावर डोकं चालवताहेत.

चुकतं ते पुढच्या उडीत. "तापानं विषाणू जळतात" हे खोटं आहे. १०२ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम ३९ सेल्सियस. तेवढ्यानं पातेल्यातलं दूधसुद्धा नीट कोमट होत नाही, विषाणू कसला जळतोय? ताप त्यांची वाढ थोडी मंदावतो, काहींची तेवढीही नाही. डेंग्यूचा माणूस १०४ नं फणफणत असतो आणि विषाणू रक्तात खुशाल वाढत असतो. तापच औषध असता तर डेंग्यू दोन दिवसांत बरा झाला असता.

आणि इग्वानाकडून माणसाकडं आलं की हा फायदा विरत जातो. १९८९ साली कांजिण्या झालेल्या मुलांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना पॅरासिटामॉल, निम्म्यांना नुसतं गोड पाणी म्हणा ना. औषध घेतलेल्या मुलांच्या सगळ्या पुळ्यांवर खपली धरायला सरासरी एक दिवस जास्त लागला. बाकी कशात म्हणावा असा फरक नाही. मुलांचं खाणं, खाज, कुरकुर सगळं जवळपास सारखंच. २०१५ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अतिदक्षता विभागांत संसर्गाचा ताप असलेल्या ७०० रुग्णांवर हेच तपासलं, ठरवून पॅरासिटामॉल देऊन आणि न देऊन. मरणाऱ्यांच्या संख्येत फरक नाही, अतिदक्षता विभागात काढाव्या लागलेल्या दिवसांतही नाही. म्हणजे इतक्या गंभीर माणसांत ताप उतरवून मोठं नुकसान झालं नाही, आणि मोठा फायदाही झाला नाही. हे वाचून मला दोन्ही बाजूंचा आवाज जरा खाली आणावासा वाटतो. तुमच्या घरात त्या रात्री वाद जेवढ्या जोरात झाला, तेवढं त्या ५ मिलीत काही नव्हतं.

मग औषध द्यायचं कशाला? मुलगी कण्हत होती म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे. अंग दुखत असलेलं मूल झोपत नाही, पाणी पीत नाही, चिडचिडं होतं. ताप अंशाअंशानं शरीराचा खर्चही वाढवतो, एका सेल्सियस अंशामागं साधारण दहा टक्के जास्त. पाणीही जास्त लागतं. औषध घेतल्यावर तुमची मुलगी झोपली. उठल्यावर पाणी प्यायली असेल, दोन घास पेज गेली असेल. बरं व्हायला तेही लागतंच की. थर्मामीटर बघून औषध द्यायचं नसतं, मूल बघून द्यायचं असतं. १०२ असून अंगणात कागदाची होडी सोडत असेल तर सोडू दे, बाटली फ्रिजवरच राहू दे. १००.५ असून घसादुखीनं रडत असेल तर द्या. ताप आहे म्हणून झोपलेल्या पोराला उठवून औषध पाजू नका, झोप त्याहून मोलाची आहे.

आता सासूबाई. त्यांच्या भीतीला मी हसत नाही. ज्यांनी एकेकाळी तापानं मुलं गेलेली पाहिली, त्यांना "ताप चांगला असतो" हे ऐकून राग येणारच. पण ती मुलं तापानं गेली नव्हती, ताप आणणाऱ्या रोगानं गेली होती. मेंदूज्वर, गोवर, विषमज्वर, न्यूमोनिया. संसर्गाचा ताप "मेंदूत जात" नाही. काटा मेंदूच्याच ताब्यात असल्यामुळं तो सहसा १०६ च्या पुढं जाऊ देत नाही. मेंदूला इजा व्हायची ती त्याच्याही वर. एप्रिल-मेच्या उन्हात रानात काम करणाऱ्याला किंवा बंद गाडीत राहिलेल्या पोराला उष्माघात होतो, ती वेगळी गोष्ट. तिथं काटा जागेवर असतो आणि शरीर काट्याला न जुमानता तापत जातं. तिथं पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. सावलीत न्यायचं, कपडे काढायचे, अंगावर पाणी मारायचं, पंखा धरायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

तापातल्या झटक्याची भीती असते, तेही सांगते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन-पाच मुलांना तापात फिट येते. बघणाऱ्याचं काळीज फाटतं, पण बहुतेक झटके काही मिनिटांत थांबतात आणि मागं काही ठेवत नाहीत. पॅरासिटामॉल वेळेवर दिलं तर फिट टळते असंही नाही, हे तपासून झालंय. तुमची मुलगी त्या वयातून जवळपास बाहेर आली. पण नात्यात, शेजारी असं मूल असेल तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-बोट काही घालायचं नाही, कांदा आणि चप्पल जागच्या जागी ठेवायची, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढं गेलं किंवा ही पहिलीच वेळ असेल तर दवाखाना.

"सुई मारून आणू" याबद्दल एक वाक्य. मिरज शेजारी असल्यानं आपल्याकडं दवाखान्याची सवय जुनी, विल्यम वॉनलेस यांनी तिथलं मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू केलं, तेव्हापासून लांबलांबची माणसं इथं उपचाराला येताहेत. त्या सवयीतच "सुई मारली की बरं वाटतं" हेही कुठंतरी रुजलं. विषाणूच्या तापाला सुई लागत नाही, सलाईन लागत नाही, अँटिबायोटिक तर मुळीच नाही, ते विषाणूवर चालतच नाही. मी सुई न देता पाठवलेले किती पेशंट दोन गल्ल्या पलीकडं जाऊन घेऊन आले, त्याचा हिशोब मी ठेवलेला नाही. ठेवला असता तर दवाखाना केव्हाच बंद केला असता.

आकड्याचं एक सांगते, तुम्ही सांगलीच्या म्हणून लगेच कळेल. पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलावरच्या, कृष्णेचं पाणी किती फूट चढलं ते दाखवणाऱ्या पट्टीकडं डोळे लावून बसतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पण ४० ला नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं गाद्या-भांडी हलवत असतात आणि त्याच ४० ला नदीपासून लांबच्या विश्रामबागेतली माणसं छत्र्या घेऊन पूल बघायला येतात. आकडा एक, घरं वेगळी. तापाचंही तसंच. १००.४ च्या वर, म्हणजे ३८ सेल्सियसच्या वर, ताप म्हणायचा. तो तीन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला आला तर मध्यरात्रीसुद्धा थांबायचं नाही, घरी औषध देऊन वाट बघायची नाही. तोच सहा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलीला आला तर सकाळपर्यंत थांबता येतं. आणि तुमच्या सासऱ्यांना आला तर ते नदीकाठचं घर समजा.

त्यांच्याबद्दल मी थोडी कडक बोलणार आहे. ७२ वर्षं, मधुमेह, हृदयाचा आजार. तापात हृदयाचे ठोके वाढतात, खर्च वाढतो, आणि दुबळ्या हृदयाला तो झेपेलच असं नाही. "ताप लढतोय, लढू द्या" हा प्रयोग त्यांच्यावर करायचा नाही. शिवाय म्हाताऱ्या माणसांत मोठा संसर्ग असूनही ताप कधी कधी ९९-१०० च्या पुढं जातच नाही. जेवण सुटलं, बोलण्यात घोटाळा व्हायला लागला, धाप लागली, साखर वरखाली झाली, यातलं काही दिसलं की आकडा न बघता घेऊन जा.

माझ्या दवाखान्यातली एक संध्याकाळ सांगते. जुलैचा महिना, बाकावर जागा नाही. एक चार वर्षांचा मुलगा, ताप १०३.२, वजनाच्या काट्यावर उड्या मारतोय, आई ओरडतेय. दाराशी एक बाई, खांद्यावर साधारण त्याच वयाची मुलगी. ताप १००. माझ्या मदतनीस बाईंनी १०३ वाल्याला पुढं घेतलं. मी त्या दुसऱ्या मुलीकडं पाहिलं. नाव घेतलं तर पापणी हलली, एवढंच. ओठ कोरडे, सकाळपासून लघवी नाही, बरगड्यांखालचं कातडं श्वासासरशी आत ओढलं जातंय. तिला मी चहा अर्धा टाकून आधी घेतलं आणि तिथूनच पुढं पाठवलं, न्यूमोनिया निघाला. वजनकाट्यावरचा पैलवान दुसऱ्या दिवशी फरसाण मागत होता, असं त्याच्या आईनं फोनवर सांगितलं. थर्मामीटर काखेतून काढून आकडा वाचायला पाच सेकंद लागतात. त्यापुढची पाच मिनिटं मुलाकडं बघण्यात घालवा. हाक मारली की बघतंय का, पाणी पितंय का, सहा-आठ तासांत लघवी झाली का, श्वास कसा चाललाय, ताप उतरल्यावर तरी थोडं खेळतंय का. मान ताठ झाली, दाबल्यावर न विरणारे लाल-जांभळे ठिपके उठले, उलट्या थांबेनात, तर उशीर नको. आणि या सगळ्यातलं काही नसलं, तरी तिसरा दिवस उलटल्यावरही ताप तसाच असेल तर पुन्हा दाखवा.

आणखी एक, हे पावसाळा संपता संपता फार लागतं. साध्या व्हायरलमध्ये ताप उतरला की आपण सुटलो. डेंग्यूत तसं नाही. तिथं खरा धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, एकदम गळून जाणं किंवा अस्वस्थ तळमळ, हे ताप नसतानाही दिसलं तर पळा. याच कारणानं डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ताप-अंगदुखीला ब्रुफेन, मेफेनॅमिक, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काही घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो. मुलांना तापात ॲस्पिरिन कधीच नको, फ्लू-कांजिण्यांत यकृत-मेंदूवर बेतणारा रे सिंड्रोम होऊ शकतो. निमेसुलाइड या ताप-दुखीच्या औषधाला १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडं २०११ पासून बंदी आहे, तरी कुणाच्या तरी कपाटात जुनी बाटली निघतेच. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यायची. २०१९ च्या महापुरात आयर्विनची पट्टी ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा गुडघाभर पाण्यातून न गेलेलं घर शोधून सापडलं नसतं. तिथं "व्हायरल असेल" म्हणून घरी बसायचं नाही.

ओल्या पट्ट्यांचं विचारलं नाहीत, पण सासूबाई ठेवतच असतील. ठेवू द्या, कपाळावर ओला रुमाल बरा वाटतो. बर्फाचं पाणी नको, कोलन वॉटर नको. काटा वरच असताना अंग थंड केलं की शरीर कुडकुडून आणखी उष्णता तयार करतं आणि पोरगी उगीच हैराण होते. पाणी कोमटच घ्या. हुडहुडी असेल तोवर एक चादर, गेली की काढून टाका. तीन गोधड्यांखाली दाबून "घाम काढणं" नको. लंघनाचं म्हणाल तर भूक नसेल तर जेवणाचा आग्रह नको हे बरोबरच, पण लंघन अन्नाचं, पाण्याचं नाही. पेज, मुगाचं कढण, ताक, गवती चहा, जे जाईल ते घोट घोट.

आता बाटली.

६० मिलीची नवी बाटली. तुम्ही तीनदा ५ मिली दिलं, म्हणजे १५. उरायला हवं ४५. निम्म्याच्या खाली म्हणजे ३० पेक्षा कमी. पंधरा मिलीहून जास्त औषध कुठं गेलं? ताई, सांडलेलं सिरप लपत नाही, ओट्यावर चिकटतं, मुंग्या येतात. तुमच्या घरात चोरून औषध देणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हता असं मला वाटतंय. माझा संशय सासूबाईंवर आहे. दिरांपुढं त्या वाद हरल्या, पण नातीचं कण्हणं त्यांनाही ऐकू येत होतं. कदाचित दुपारी, तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. किंवा तुमचे यजमान. पटलंय म्हणाले खरे, पण बापाचं मन. दिरांनाही मी पूर्ण वगळत नाही.

यात हसण्यासारखं आहे, पण घाबरण्यासारखंही आहे. चार दिवसांत सहा-सात डोस तुमच्या मुलीला बाधत नाहीत. तिला २४ तासांत २५० मिलीग्रॅमचे चार डोस चालतात, दोन डोसांत निदान चार ते सहा तास अंतर ठेवून. पण समजा हाच ताप १०४ चा असता, तुम्ही चारदा दिलं असतंत, सासूबाईंनी चारदा, आणि सर्दीचं म्हणून आणलेल्या दुसऱ्या सिरपातही पॅरासिटामॉल असतं, जे बऱ्याचदा असतंच. दोन-तीन दिवस असं चाललं की पोरीच्या यकृतावर येतं, आणि सुरुवातीला बाहेरून काही कळतही नाही. पॅरासिटामॉल नेमून दिलेल्या मापात अतिशय सुरक्षित आणि मापाबाहेर तितकंच वाईट. तुम्ही औषध दिलंत यात मला काही चूक दिसत नाही. सांगायची सोय नव्हती, भीती मला त्याची वाटते.

म्हणून फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. तारीख, वेळ, ताप किती, काय दिलं, किती मिली, कुणी दिलं. पेन दोऱ्यानं बांधा, नाहीतर ते जागेवर राहत नाही. कागदाच्या डोक्यावर मुलीचं वजन आणि तिचा डोस लिहून ठेवा, बाटली बदलली की पुन्हा तपासा. ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलीग्रॅमची बाटली येते, २५० ची येते, आणि तान्ह्यांचे थेंब एका मिलीतच १०० मिलीग्रॅमचे असतात. थेंबांची बाटली चमच्यानं पाजली की काय होईल त्याचा हिशोब तुम्हीच करा. माप बाटलीसोबतच्या टोपणाचं घ्या, पोह्यांच्या चमच्याचं नको.

दिरांना नियम विचारू नका, काम द्या. त्यांना वाचायची आवड आहे, तर तासा-दोन तासांनी मुलगी काय करतेय, पाणी किती प्यायली, लघवी झाली का, हे कागदावर लिहायचं त्यांच्याकडं. व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष पोर बघायला बसवलं की त्याची मतं आपोआप मऊ होतात, हा माझा अनुभव. सासूबाईंना पट्ट्या, पेज आणि एक अधिकार: ताप कितीही असो, "ही मला बरी दिसत नाही" असं त्या म्हणाल्या की वाद न घालता दवाखान्यात जायचं. त्या मोबाईल बघत नाहीत, पोरीचं तोंड बघतात. बरेचदा तेच बरोबर निघतं.

आणि यजमान घरात नसताना, भांडी आवरताना, सासूबाईंना हळूच सांगा की त्या रात्री दीड वाजता तुम्ही औषध दिलं होतं. एवढंच सांगा आणि गप्प राहा. बाटलीचं काय झालं ते बहुतेक तिथंच कळेल.